मशिनी आत कुलपात, आम्ही बाहेर शेकोटीला: मतदानाची खात्री करायची कशी?

गिरणाकाठचा (धागाकर्ता), रात्री १०:२०

आज माझी पहाऱ्याची पाळी आहे म्हणून मोबाईलवरूनच टाइप करतोय, चुका पोटात घाला. २ डिसेंबर २०२५ ला आमच्या नगरपरिषदेचं मतदान झालं, ३ ला मोजणी होऊन गुलाल उडायचा होता, तर मतदानाच्या दिवशीच नागपूर खंडपीठाचा आदेश आला की काही ठिकाणचं मतदान २० ला ढकललंय ते होईपर्यंत कुणाचाच निकाल लावायचा नाही, सगळ्यांची मोजणी २१ ला. म्हणजे १९ दिवस मशिनी गोडाउनात. गुलालाची पोती तशीच पडलीत आणि उमेदवारांची झोप उडालीये, म्हणून आमच्या पॅनलची दोन पोरं, समोरच्यांची दोन आणि एका अपक्षाचा एकटा भाचा, असे आम्ही रोज रात्री गोडाउनाबाहेर. थंडी मरणाची. कपाशीच्या काड्या पेटवल्यात, त्यातच वांगी भाजतोय, समोरचे कळण्याच्या भाकरी घेऊन आलेत. प्रचारात एकमेकांचे बॅनर फाडले आणि आता एकाच परातीत भरीत.

मांडवात एक टीव्ही लावलाय, त्यात दाराचं कुलूप आणि त्यावरचं सील दिसतं, बाकी काही नाही. चार तास एकाच कुलपाकडे बघत बसा, मग ते हलतंय असं वाटायला लागतं.

वडील म्हणतात तुमच्यापेक्षा आमची पेटी बरी, चिठ्ठी डोळ्याला तरी दिसायची. मी मशीनच्या बाजूचा नाही आणि विरुद्धही नाही. मला एवढंच विचारायचंय की माझ्यासारख्या बारावी शिकलेल्या माणसाला स्वतःच्या डोळ्याने काय काय तपासता येतं? बूथवर काम केलेल्यांनी लिहा. प्रचार नको, त्याला व्हॉट्सअ‍ॅप आहे.

केळीबाग

सोपंय. बॅलेट आणा, मिटला विषय.

निवृत्त मास्तर

केळीबाग भाऊ, नाही मिटत हो. बॅलेटवर माझी अर्धी नोकरी गेली. माझे वडील १९५२ चं सांगायचे, तेव्हा तर शिक्काच नव्हता, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह, आपल्या माणसाच्या पेटीत कोरा कागद टाकून यायचं. एकाच कागदावर सगळे उमेदवार आणि त्यावर शिक्का ही पद्धत १९६२ च्या निवडणुकीपासून सगळीकडे आली. तो शिक्का स्वस्तिकासारखा का असतो ठाऊक आहे? घडी घातली की ओली शाई समोरच्या चिन्हावर उमटते, आणि शिक्क्याचा आकार असा केलाय की उलटा उमटलेला लगेच ओळखू यावा. तरी मोजणीच्या टेबलावर एकेका कागदावर दोन्हीकडची माणसं ट्यूबलाइटखाली डोळे फाडून भांडायची. दोन दोन रात्री आम्ही तिथेच झोपलोय. एकदा तर मतपत्रिकेच्या घडीत अकरा रुपये निघाले, मतदाराला पेटी म्हणजे देवळातली दानपेटी वाटली बहुतेक.

आता दुसरी बाजू. एका गावात (नाव लिहीत नाही) भर दुपारी पंधरा वीस जण आत आले, मला कोपऱ्यात बाकावर बसवलं, गठ्ठा घेतला आणि ठपाठप शिक्के. पाव तासात गावाचं मतदान उरकलं. पोलीस एकच, तो चहा प्यायला गेलेला. मशीनमध्ये हे होत नाही असं म्हणत नाही, पण मशीन मिनिटाला चारच मतं घेतं आणि प्रत्येक मताला केंद्रावरच्या माणसाने कंट्रोल युनिटचं (टेबलावरच्या यंत्राचं) बटण दाबून मशीन एका मतासाठी मोकळं करावं लागतं, शेवटी क्लोज दाबलं की त्यानंतर एकही मत जात नाही. पाव तासात ६० मतं. गुंडाचा पण वेळ जातो.

धुळ्याना भाऊ

मास्तर एक नंबर 😂 पन ते ९९ टक्का बॅटरीनं काय व्हतं भो? दिवसभर मशीन चालनं तरी ९९ च?

कोडवाला (मूळ जळगाव, सध्या पुणे)

भो, ते हरियाणाच्या विधानसभेचं, ऑक्टोबर २०२४, मोजणीला काही मशिनी ९९ टक्के बॅटरी दाखवत होत्या म्हणून तक्रार झाली होती. मशीनमधली बॅटरी तुझ्या मोबाईलसारखी चार्जिंगची नसते, साधा सेल असतो, आणि व्होल्टेज ७.४ च्या वर आहे तोपर्यंत डिस्प्ले ९९ च दाखवतो असं आयोगाचं म्हणणं. मला ते पटलं. घड्याळातला सेल पण शेवटच्या आठवड्यापर्यंत नवाच वाटतो.

पण मास्तर, सर, तुमच्या मुद्द्यात एक गोष्ट राहतेय. तुम्ही बोलताय ते बाहेरच्या दांडगाईबद्दल. धागाकर्ता विचारतोय की आत काय झालं ते मला कसं कळणार. जर्मनीत २००५ च्या निवडणुकीत मशिनी वापरल्या होत्या, त्यावर तिथल्या घटनेच्या कोर्टाने ३ मार्च २००९ ला निकाल दिला की ही पद्धत घटनेत बसत नाही. मशीन कुणी फोडलं असं त्यांनी म्हटलंच नाही! म्हटलं एवढंच की मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे साध्या नागरिकाला, कुठलंही खास तांत्रिक ज्ञान नसताना, तपासता आले पाहिजेत. म्हणजे हॅक होतं की नाही हा प्रश्नच मी बाजूला ठेवतो. तू हॅक करून दाखव म्हणणारे आणि हॅक होतंच म्हणणारे, दोघांनाही सिद्ध करायचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचंय.

आपल्याकडे पण मशीन आलं तेच कोर्टाच्या पायरीवरून. १९८२ ला केरळात परूरला ५० केंद्रांवर पहिल्यांदा वापरलं, १९८४ ला सुप्रीम कोर्टाने तिथे पुन्हा कागदावर मतदान घ्यायला लावलं, कारण कायद्यात मशीनची सोयच नव्हती. मग १९८८ च्या दुरुस्तीत कलम ६१अ आलं. २००४ ला पूर्ण लोकसभा मशीनवर. मत कुणाला गेलं ती चिठ्ठी छापणारं यंत्र, म्हणजे व्हीव्हीपॅट, २०१३ ला नागालँडच्या नोकसेनला आलं, तेही कोर्टबाजीनंतरच सगळीकडे गेलं.

केळीबाग

म्हणजे मी म्हणतो तेच ना. चिठ्ठी आहे तर मोजा ना सगळ्या.

कोडवाला

नाही मोजत. २०१९ ला कोर्टाने सांगितलं प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजा, केंद्रं मोजणीच्या दिवशी सोडत काढून निवडायची. सगळ्या मोजा ही मागणी २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली. त्याच निकालात दोन गोष्टी मिळाल्या, चिन्हं भरायचं जे युनिट असतं (एसएलयू) ते सील करून ४५ दिवस ठेवायचं, आणि दुसऱ्या तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराने निकालापासून ७ दिवसांत अर्ज केला तर ५ टक्के मशिनींची मेमरी तपासून द्यायची. विधानसभेला त्याचे एका संचामागे ४७,२०० रुपये भरायचे होते, जीएसटीसकट. हरलेल्या माणसाने आधीच प्रचारात घर गहाण टाकलेलं असतं.

आणि गिरणाकाठचा, तुझ्या गोडाउनात व्हीव्हीपॅट नाहीच. नगरपरिषद, महापालिका, झेडपी हे सगळं राज्य निवडणूक आयोगाकडे, तिथे चिठ्ठी निघत नाही. एका मतदाराला नगराध्यक्ष आणि दोन नगरसेवक अशी तीन मतं असतात, अशा बहुसदस्य पद्धतीसाठी चिठ्ठीचं यंत्र तयार नाही असं आयोगाचं उत्तर. म्हणजे तू राखण करतोयस त्या मशिनीच्या बाहेर कागद नावाची वस्तूच नाही, त्यातल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा.

गिरणाकाठचा

हे मला आत्ता कळतंय!! एक वाजला. समोरच्यांच्या पोराला पण वाचून दाखवलं, तो म्हणे मग आपण काय झक मारत इथे बसलोय.

सूनबाई शहादा

तुम्ही सगळे पुरुष मशीन मशीन करताय, माझं मत मशीनपर्यंत पोचलंच नसतं त्याचं काय? माझं माहेर शहादा, सासर चोपडा तालुक्यात. लग्न झाल्यावर इकडे बीएलओ (मतदार यादीचं काम करणाऱ्या) बाई आल्या, त्यांनी नवीन नाव घालायचा ६ नंबरचा फॉर्म भरून घेतला. खरं तर जागा बदलली की ८ नंबर भरायचा असतो, मग माहेरचं नाव आपोआप निघतं. हे मला सांगितलं कुणी? कुणीच नाही. आता यावेळी यादीत माझ्या नावापुढे दोन तारे. राज्य आयोगाने दुबार वाटणाऱ्या नावांपुढे डबल स्टार मारलेत ना तेच. केंद्रावर गेले तर आधी लिहून द्या म्हणे की दुसरीकडे मत देणार नाही. रांगेत मागे सगळं गाव उभं आणि मी चोरासारखी कागद लिहितेय, शेजारची म्हातारी मोठ्याने विचारते, "का वं माय, काय केलं तू?"

आमच्या भागात ज्यांना ज्यांना तारे लागले त्यात बायकाच जास्त दिसल्या मला, कारण गाव बदलतं ते बाईचं. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र त्या तारेवाल्या याद्या "बोगस मतदार" म्हणून फिरत होत्या. आणि गंमत म्हणजे सासरे जाऊन चार वर्षं झाली, ते यादीत ठणठणीत. जाऊबाई रोज दूध घालायला डेअरीवर जातात, त्यांचं नाव गायब.

निवृत्त मास्तर

ताई, तुम्ही लिहिलंत ते सगळ्यात महत्त्वाचं. सासऱ्यांसाठी ७ नंबरचा फॉर्म भरा, मृत्यूचा दाखला जोडा. आणि जाऊबाईंचं नाव कुणाच्या ७ नंबरवर उडालं का ते लेखी विचारा, तो फॉर्म कुणीतरी भरलेला असतो, हवेतून येत नाही. यादीचा मसुदा लागतो तेव्हा तहसीलमध्ये बघायला कोण येतं? माझ्या वेळी तर भिंतीवर लावलेली यादी शेळी खाऊन गेली तरी कुणी विचारलं नाही.

भुसावळ जंक्शन

सगळं ठीक पण विधानसभेचं कुणी बोलत नाहीये. २० नोव्हेंबर २०२४, संध्याकाळी ५ ला ५८.२२ टक्के आणि शेवटचा आकडा ६६.०५. एवढी मतं रात्रीत कुठून आली? आणि सोलापूर जिल्ह्यात मारकडवाडीच्या लोकांनी स्वतःच्या समाधानासाठी बॅलेटवर मतदान घेऊन बघतो म्हटलं तर जमावबंदी लावून बंद पाडलं. भीती कसली होती?

निवृत्त मास्तर

मारकडवाडीचं मी पण म्हणतो, घेऊ द्यायला पाहिजे होतं. त्यातून कायद्याने काही सिद्ध झालं नसतं, पण थांबवल्याने संशय दुप्पट झाला.

टक्केवारीचं वेगळं आहे. ५ चा आकडा हा केंद्राध्यक्षाने फोनवर सांगितलेला अंदाज असायचा, एकीकडे रांग, एकीकडे फोन, मी स्वतः "लिहा ५५" असं सांगितलंय. ६ ला दार बंद करताना रांगेत जितके उभे तितक्यांना चिठ्ठ्या वाटतात, आणि वाटायला सुरुवात शेपटाकडून करायची म्हणजे मागून नवीन कुणी घुसत नाही. आमच्याकडे मे महिन्यात लोकसभेला तर दुपारभर केंद्रात चिटपाखरू नसायचं, ऊन कललं की सगळं गाव एकदम.

पण भाऊ, खरा आकडा फोनवर नसतोच, तो १७ सी वर असतो. क्लोज दाबलं की मशीन एकूण मतं दाखवतं, ती त्या फॉर्मवर उतरवायची, मतदारांच्या रजिस्टरशी (१७ ए) ताळा करायचा, आणि सही करून प्रत्येक एजंटच्या हातात प्रत द्यायची. त्या रात्रीच. मोजणीच्या दिवशी मशीन उघडलं की आधी तोच आकडा जुळवायचा. आता मला सांगा, तुमच्या उमेदवाराने किती केंद्रांच्या प्रती गोळा करून बेरीज केली? मी एका एजंटला प्रत दिली, त्याने माझ्यादेखत त्यात भजी गुंडाळली.

कोडवाला

🙏 भजी.

सातपुडा पायथा

उशिरा आलो. आमच्याकडचं पण ऐका. मणिबेली म्हणजे अक्कलकुवा मतदारसंघातलं केंद्र, राज्याच्या यादीत एक नंबरचं. सरदार सरोवराच्या पाण्यामुळे तिथे पथक बोटीने जातं, मशीन मांडीवर घेऊन. धडगावकडे तर कित्येक पाड्यांवर लाईट आजही येते जाते, मशीन बॅटरीवर चालतं म्हणून निभतं. बॅलेट आणलं तर पेट्या बोटीतून परत यायच्या, मग त्या पेट्यांची राखण कोण करणार? आणि आमच्या म्हाताऱ्यांना पावरी बोली येते, मराठी वाचता येत नाही. चिन्हाशेजारचं बटण दाबायचं, लाल दिवा लागतो, मग काचेत चिठ्ठी ७ सेकंद दिसते त्यात तेच चिन्ह. माझ्या आजीने पहिल्यांदा चिठ्ठी बघितली तेव्हा आत उभ्या उभ्या ओरडली, "दिसलं दिसलं!" केंद्राध्यक्ष घाबरला.

तिला ते ७ सेकंद फार आवडले. तुम्ही म्हणता मोजत नाहीत, ते तिला नाही सांगितलं मी.

अमळनेरची शाळा

थोडं अवांतर. मतदानाच्या पद्धती म्हणताय म्हणून लिहिते. आम्ही नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघातले, २६ जून २०२४ ला मतदान केलं, ते अजूनही कागदावर आणि शिक्का नाहीच, जांभळ्या शाईचा पेन देतात त्यानेच १, २, ३ पसंती आकड्यात लिहायची. एक असं अक्षरात लिहिलं की बाद. बरोबरची खूण केली की बाद. निम्म्याहून एक जास्त असा कोटा, पहिल्या पसंतीत कुणी पोचलं नाही तर खालून एकेक उमेदवार काढत त्याची मतं पुढच्या पसंतीला वाटत जायची. ही फार न्यायाची पद्धत आहे असं माझं मत, कमी मतांत फुकट निवडून यायला जागा नाही. पण मोजणी दिवसरात्र चालते. आणि बाद मतं? मुलांना आकडे शिकवणाऱ्यांची बाद मतं, बोलायलाच नको.

धुळ्याना भाऊ

आमना धुळ्याले २०२४ नी लोकसभा ३,८३१ वर फिरनी भो. तठे एकेक केंद्रनं मत मोजाय ऱ्हायनं व्हतं. म्हनीसन सांगस, एजंट जागा पाह्यजे.

निवृत्त मास्तर

अगदी. आणि कमी फरकाचा विषय निघालाच आहे तर एक चूक सांगतो, माझीच. मतदानाच्या आधी दीड तास एजंटांसमोर चाचणीचं खोटं मतदान (मॉक पोल) घ्यायचं असतं, कमीत कमी ५० मतं, प्रत्येक उमेदवाराला पडतील अशी. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर. क्लिअर केलं नाही तर ती ५० खऱ्यात मिसळली. चिठ्ठ्यासुद्धा बाहेर काढून मागे मॉक पोलचा शिक्का मारून काळ्या पाकिटात घालायच्या. एका वर्षी पहाटे साडेपाचला, उपाशीपोटी, मी क्लोज, रिझल्ट केलं आणि क्लिअर विसरलो. माझ्या मदतनीसाच्या लक्षात आलं नाही, पोलिसाच्या नाही, तीन पक्षांचे तीन एजंट समोर होते त्यांच्याही नाही. लक्षात आलं चौथ्याच्या, अपक्षाच्या. शेतमजूर होता, कागदावर रेघा मारत बसलेला. म्हणाला, "गुरुजी, मशीन ५० पासून सुरू करणार का?"

हे मशीन विरुद्ध कागद यात कुठे बसतं ते मला माहीत नाही.

गिरणाकाठचा

थांबा. लाईट गेली.

गिरणाकाठचा

लिहितो सविस्तर. २:१० ला लाईट गेली, टीव्ही काळा. शेकोटीपाशी पेंगत होते ते सगळे ताडकन उठले, आमचे आणि त्यांचे दोघंही गेटवर, पहाऱ्यावरचा जवान म्हणतो मागे व्हा. जनरेटरला कुणी हात लावेना कारण त्याची चावी ज्याच्याकडे तो घरी. २:१४ ला लाईट आली. कुलूप तिथेच, सील तिथेच. म्हणजे टीव्हीवर तिथेच. समोरचा पोरगा म्हणाला चार मिनिटांत काय होतं, आमचा म्हणाला चार मिनिटांत १६ मतं होतात, मास्तरांचा हिशोब. तेवढ्या टेन्शनमध्ये पण हसलो.

कोडवाला

घाबरू नका पण सोडू नका. अधिकाऱ्याला उठवा, दोन्हीकडचा एकेक माणूस घेऊन दारापर्यंत जाऊन सील प्रत्यक्ष बघा, आणि कॅमेऱ्याचं फुटेज जपून ठेवा असा अर्ज आत्ताच द्या. उद्या द्या म्हणाले तर उद्या विसरतात. लोकसभा विधानसभेला तर निकालावर याचिका नसेल तर ४५ दिवसांनी फुटेज काढून टाकायचं असं केंद्रीय आयोगानेच मे २०२५ मध्ये कळवलंय, म्हणजे मागायला उशीर करून उपयोग नाही.

केळीबाग

मी अजूनही म्हणतो बॅलेट. पण १७ सी च्या भजीचं मनाला लागलं, मागच्या वेळी एजंट मीच होतो आमच्या वॉर्डात. कागद कुठे गेला देव जाणे.

गिरणाकाठचा

पहाटे ५:४०. साहेब आले, झोपेतच होते पण आले, राग नाही केला. मी आणि समोरचा पोरगा असे दोघं दारापर्यंत गेलो. सीलवरच्या चिकटपट्टीवर आमच्या उमेदवाराची सही आहे, त्यांच्याही उमेदवाराची आहे, दोघांनी आपापल्या मालकाची सही ओळखली. वहीत लिहिलं, २:१० ते २:१४ चित्र बंद, ४:५५ ला सील पाहिलं, शाबूत. माझी सही, त्याची सही, अपक्षाच्या भाच्याची पण घेतली, तो म्हणाला आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर साक्षीदार झालो. मग अर्जाच्या दोन प्रती केल्या, एकीवर पोच घेतली, फोटो काढून दोन्ही पॅनलच्या ग्रुपवर टाकला.

मशीनच्या आत काय आहे ते मला काल रात्री १०:२० ला कळत नव्हतं आणि आत्ताही कळत नाही. वडिलांना काय सांगू ते बघतो.

सूनबाई ताई, तुमचा ८ नंबरचा फॉर्म आमच्या घरात पण निघाला, बायकोचं नाव अजून पारोळ्याला आहे. सकाळी तेच पहिलं काम.

पुढची पाळी गुरुवारी. वांगी यावेळी त्यांच्याकडची.